पंचेचाळिशीत दात सरळ करायला तारा लावता येतात का? आधी हिरड्यांवर उपचार करावे लागतील का?

लावता येतात. वयाची अट नाही, अट आहे ती हिरड्या आणि हाडाच्या तब्येतीची. तारेच्या दाबाने दाताच्या एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं आणि दात सरकतो. हिरड्या सुजलेल्या, रक्त येणाऱ्या असताना हेच केलं तर हाड भराभर कमी होऊन दात हलायला लागतात. म्हणून आधी स्केलिंग (दातांवर साचलेला कडक थर काढणं), किडलेल्या दातांचं काम, एक्स-रे. हिरड्या ताब्यात आल्या की मग तारा.

इम्प्लांट, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी हाडात बसवायचा कृत्रिम दात, मात्र घाईने बसवू नका. तो हाडात घट्ट रुजतो, तारेने सरकत नाही. त्यामुळे बहुतेक वेळा बाकीचे दात जागेवर आल्यावरच तो बसवतात. कॅप आणि ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) यांचंही साधारण तसंच. हाडांच्या ठिसूळपणावर गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर आधीच सांगा. काही औषधांनी दात सरकणं मंदावतं.

पारदर्शक अलाइनर (तारांऐवजी दातांवर घालायचे, काढता येणारे साचे) दिसत नाहीत खरे, पण दिवसाचे 20 ते 22 तास घालावे लागतात. हे जमणार नसेल तर सरळ तारा घ्या. आणि रिटेनरचा (सरळ झालेले दात परत सरकू नयेत म्हणून लावायचा साचा) कंटाळा करून चालणार नाही, तो रात्री वर्षानुवर्षं लावावा लागतो.