'कृत्रिम' म्हणजे खोटी का?

प्रश्न एका शिक्षिकाबाईंचा आहे. शाळेत एआयवर, म्हणजे 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'वर, कार्यशाळा होती. बाईंनी फळ्यावर 'कृत्रिम बुद्धिमत्ता' लिहिलं, तर एक सहकारी म्हणाले, "कृत्रिम म्हणजे खोटी. आणि बुद्धिमत्ता कसली, 'प्रज्ञा' लिहा, भारदस्त वाटतं." बरोबर काय?

आधी 'कृत्रिम'. संस्कृत 'कृ' म्हणजे करणे. आपोआप झालेलं नाही, केल्यामुळे झालं, ते कृत्रिम. खोटेपणा मुळात नाहीच. मनुस्मृतीतल्या बारा पुत्रांमध्ये एक 'कृत्रिम' पुत्र आहे: पोटचा नव्हे, पण गुणदोष जाणणारा आणि आपला म्हणून केलेला. वारसा मिळणाऱ्या पहिल्या सहांत त्याचा नंबर लागतो. (आताचा कृत्रिमही कचेरीतल्या कामात वाटा मागतोय, म्हणून तर एवढी चर्चा!)

मराठीत मात्र या शब्दाला दोन फाटे फुटले. कृत्रिम हसू, कृत्रिम टंचाई यांत लबाडी आहे. पण कृत्रिम रेतनाने झालेलं वासरू खरंच हंबरतं, कृत्रिम पायाने माणूस खरंच चालतो, आणि कृत्रिम तलावात शाडूचा गणपती खराच विरघळतो. एआयमधलं 'कृत्रिम' या दुसऱ्या फाट्यावरचं. नसलेल्या पुस्तकाचा हवाला ते बिनदिक्कत देतं, तेव्हा पहिल्या फाट्यावर घसरतं, ते सोडा. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी आणि सहकाऱ्यांनी १९५५ साली तिथल्या डार्टमथ कॉलेजातल्या परिषदेसाठी 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे इंग्रजी नाव योजलं, तेव्हा त्यांनाही 'नकली' म्हणायचं नव्हतं.

आता 'बुद्धिमत्ता'. हा शब्द आपल्याला भेटतो तो शिष्यवृत्तीच्या परीक्षेत, 'बुद्धिमत्ता चाचणी' म्हणून. संख्यामालिका पूर्ण करा, गटात न बसणारं पद ओळखा, आरशातली प्रतिमा सांगा. पुढे काय येईल ते ओळखायचं आणि गुण मिळवायचे. चॅटजीपीटीसारखी यंत्रं मुळात हेच करतात: आतापर्यंतचे शब्द पाहून पुढचा शब्द काय येईल ते ठरवतात. त्यामुळे मला तरी 'बुद्धिमत्ता' चपखल वाटतो. मोजता येते, सरावाने वाढते, गुणपत्रिकेत लिहिता येते. 'प्रज्ञा' म्हटलं की गीतेतला स्थितप्रज्ञ आठवतो. सुखदुःखात न डळमळणं हा त्याचा गुण. ज्याला सुखदुःखच नाही त्याचं कौतुक कसलं? काही जण 'कृत्रिम प्रज्ञा' लिहितात, चूक म्हणणार नाही, पण शब्द फार उंच कपाटातला काढलाय.

तेव्हा बाई, फळ्यावरचं पुसू नका. मुलांना मात्र एक विचारा: निबंध एआयकडून लिहून आणला, तर तो कुठल्या फाट्यावरचा कृत्रिम?

जाता जाता: बुद्धिमत्ता 'ती', पण बोलताना बहुतेकांचा एआय 'तो' असतो आणि काहींचं 'ते'. मीच वर 'ते' लिहून गेलोय. अजून ठरायचंय.