अमेरिकेतला वर्णद्वेष पाहताना ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ ही आज्ञा ख्रिस्ती माणसाने कशी पाळायची?

आधी आपली खोली द्यायची, मग प्रार्थनेला बसायचं.

मे २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा गोऱ्या पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, तेव्हा घरच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेताना माझा दादा रडला होता. मनापासून रडला. दोन वर्षांनी आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घराची वरची खोली रिकामी झाली आणि टांझानियाचा एक विद्यार्थी विचारायला आला. दर रविवारी आमच्याच मंडळीत उपासनेला बसणारा, आमच्याबरोबर प्रभुभोजन घेणारा. दादाने त्याला चहा पाजला आणि ‘पाहुण्यांना शब्द दिलाय’ म्हणून वाटेला लावलं. शब्द कुणालाच दिला नव्हता. खोली पुढे चार महिने तशीच पडून होती. मी विचारलं तर म्हणाला, “गल्लीत काय म्हणतील? आणि प्रीती मनात असते, ती भाड्याच्या व्यवहारात कशाला आणतेस?”

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढून वाच की दादा! येशूच्या गोष्टीतला तो शोमरोनी, यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नव्हते त्या लोकांतला. वाटेत पडलेल्या जखमी माणसाच्या जखमांवर तेल ओतून थांबला नाही. त्याला उतारशाळेत नेलं, राहण्याचे पैसे दिले, वर ‘जास्त लागले तर परत येताना देईन’ म्हणाला. ही प्रीती व्यवहारातच आहे.

आणि हे कोल्हापुरात व्हावं! शिकायला आलेल्या पोरांना राहायला जागा मिळेना, म्हणून शाहू महाराजांनी इथे बोर्डिंगं काढली. अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चं. आमचे आजोबा तिथे राहून शिकले, म्हणून तर आज आमच्याकडे भाड्याने द्यायला खोली आहे.

अमेरिकेचं म्हणाल तर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंगने १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिलं ते गोऱ्या धर्मगुरूंना. ती माणसं त्याला धीर धरायला सांगत होती. मला दादासारख्या भल्या माणसांचीच जास्त भीती वाटते.

प्रार्थना करू नका असं मी म्हणत नाही. परदेशी भाडेकरू ठेवला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, ती कटकट आहे, हेही खरं. पण ते काम ऑनलाइन होतं.

या जूनमध्ये खोली परत रिकामी होतेय. दादाला सांगून ठेवलंय, या वेळी विचारायला येणाऱ्याशी मी बोलणार.