पुरोरेसू की प्युरोरेसू? आणि तिला नुरा कुस्ती म्हणावं का?

विचारणा अशी आहे : जपानी टीव्हीवरच्या व्यावसायिक कुस्तीसाठी ‘प्युरोरेसू’ असा शब्द वाचनात आला. तो असाच लिहायचा का? आणि मराठीत सरळ ‘नुरा कुस्ती’ म्हटलं तर चालेल का?

आधी लेखनाचं. ‘प्यु’ नको, ‘पुरोरेसू’ लिहा. ‘प्रोफेशनल रेसलिंग’चे दोन तुकडे जोडून जपान्यांनी हा शब्द केला. रिमोट कंट्रोलचं ‘रिमोकोन’ त्यांनी असंच केलं, आपणही महानगरपालिकेची ‘मनपा’ केलीच आहे. जपानीत ‘प्र’सारखं जोडाक्षर उच्चारत नाहीत, म्हणून मध्ये ‘उ’ येऊन ‘पुरो’ झालं. ही आपली ओळखीची स्वरभक्ती : ग्लासचा गिलास, फिल्मची फिलम. रोमन अक्षरांतला ‘पीयू’ पाहून आपल्याला ‘प्युअर’ आठवतो आणि तिथून तो ‘य’ शिरतो. खरं तर ‘प्यू’ हा उच्चार जपानीत आहे. कॉम्प्युटरला ते ‘कोंप्यूता’ म्हणतात. या शब्दात मात्र तो नाही.

शेवटचा ‘सू’ जपानी माणसाच्या तोंडी बहुधा नुसता ‘स्’ ऐकू येतो. गळ्याला बोट लावून ‘पुरोरेस्’ म्हणून पाहा, ‘रे’नंतर कंप थांबतो. लिहिताना मात्र आपल्या नियमाप्रमाणे अंत्य उकार दीर्घच ठेवावा.

आता ‘नुरा’. हा शब्द मला इथे अजिबात पटत नाही. सामन्याचा निकाल आधी ठरलेला असतो, हे खरं. पण नुरा म्हणजे आरोप. खरी झुंज पाहायला आलेल्या माणसाला दोन पैलवानांनी आतून हातमिळवणी करून फसवलं, असा त्याचा अर्थ. या आरोपाला जपानीत वेगळा शब्द आहे, ‘याओचो’. मेइजी काळातला (१८६८ ते १९१२) चोबेई नावाचा भाजीवाला धंदा टिकावा म्हणून सुमोतल्या एका बड्या माणसाशी ‘गो’ या पटावरच्या खेळात मुद्दाम हरायचा. त्याच्या टोपणनावावरून हा शब्द आला, असं सांगतात. २०११ साली सुमोत हा प्रकार उघडकीला आला तेव्हा मार्चची स्पर्धाच रद्द झाली, कारण सुमोत खरी लढत अपेक्षित असते. पुरोरेसूत प्रेक्षकाला दिलेलं वचनच वेगळं आहे, ते खऱ्या लढतीचं नाही. आणि निकाल ठरला म्हणून आपटणं खोटं होत नाही. मित्सुहारू मिसावा हा मोठा मल्ल १३ जून २००९ रोजी हिरोशिमात रिंगमध्येच कोसळला आणि त्याच रात्री गेला.

नुसतं ‘व्यावसायिक कुस्ती’ही अपुरं आहे. आपल्या जत्रेच्या फडात इनामासाठी लढणारा पैलवान व्यावसायिकच की! जपानी लोक ऑलिंपिकमधल्या कुस्तीला ‘रेसुरिंगू’ किंवा ‘अमारेसू’ (अमॅच्युअर रेसलिंग) म्हणतात. हा भेद त्यांनी जपलाय, आपण तो पुसू नये.

‘पुरोरेसू’ हा शब्द घराघरांत रुजला तो टीव्हीमुळे. जपानमध्ये प्रक्षेपण सुरू झालं १९५३ साली. १९ फेब्रुवारी १९५४ रोजी टोकियोच्या कुरामाए कोकुगिकान या सुमोच्या सभागृहात रिकिदोझान आणि मासाहिको किमुरा ही जोडी शार्प बंधूंशी लढली. घरी टीव्ही फार थोड्यांकडे होता, म्हणून शिंबाशी स्टेशनासमोर लावलेल्या संचापुढे लोक खच्चून उभे राहिले. युद्ध हरून दहा वर्षंही झाली नव्हती, आणि पडद्यावर त्यांचा माणूस तळहाताच्या कडेने धिप्पाड गोऱ्या मल्लांना तडाखे देत होता. हा रिकिदोझान जन्माने कोरियन, हे बहुतेक प्रेक्षकांना तेव्हा ठाऊक नव्हतं. १९६३ साली ‘डिस्ट्रॉयर’ या मुखवटाधारी अमेरिकन मल्लाबरोबरची त्याची लढत ६४ टक्के घरांत पाहिली गेली.

तेव्हा लेखात पहिल्यांदा ‘पुरोरेसू ही जपानी व्यावसायिक कुस्ती’ असं लिहा, पुढे नुसतं ‘पुरोरेसू’. लिंग मी कुस्तीवरून स्त्रीलिंगी धरतो : ‘काल पुरोरेसू पाहिली’, ‘पुरोरेसूतले डाव’. सामान्यरूपात काही बदलत नाही, त्यामुळे वाक्यात ती सहज बसते.