दंत महाविद्यालय निवडण्यापूर्वी त्याची ओपीडी पाहून या

तुमची मुलगी चिपळूणची आहे, आणि बीडीएससाठी (दंतवैद्यकाच्या पदवीसाठी) घराजवळचे खाजगी महाविद्यालय, पुण्याकडचे एखादे अभिमत विद्यापीठ आणि जमलेच तर नागपूरचे शासकीय महाविद्यालय असे तीन पर्याय तिच्यासमोर आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. नागपूर फार लांब पडते म्हणून घरातील वडीलधारे नको म्हणतात, हे तुमचे शेवटचे वाक्य वाचले आणि मी लिहायला बसले, कारण २००३ साली आमच्या देवगडच्या घरात हाच वाद झाला होता आणि तो मी हरले होते.

त्या वेळी ‘नीट’ ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा नव्हती, राज्याची सीईटी होती. मला औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शासकीय दंत महाविद्यालयात जागा मिळत होती. थोरले काका म्हणाले, "विद्यापीठ तेच, प्रश्नपत्रिका तीच, पदवी तीच. मग मुलीला एवढ्या लांब कशाला पाठवायचे?" बाबांनी भावाचा शब्द मोडला नाही. त्यांनी हापूसची बाग दोन वर्षांसाठी कराराने दिली आणि मला घाटावरच्या एका खाजगी महाविद्यालयात घातले. तेथे काकांच्या ओळखीचे एक कुटुंब राहत होते.

महाविद्यालयाची इमारत देखणी होती आणि डेंटल चेअर नव्या कोऱ्या होत्या. पहिली दोन वर्षे मेणाचे दात कोरण्यात आणि फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावर, काम करण्यात गेली, त्यामुळे उणीव जाणवली नाही. तिसऱ्या वर्षी क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांवरचे काम, सुरू झाले, तेव्हा लक्षात आले की खुर्च्या आहेत, पण त्यांत बसायला माणसे नाहीत. गावाबाहेरच्या माळावर असलेल्या त्या रुग्णालयात येणार तरी कोण? प्रत्येकीला ठरवून दिलेल्या उपचारांचा कोटा पूर्ण करण्यासाठी आम्ही एसटी स्टँडवर जाऊन लोकांना विनवत असू आणि त्यांचे येण्या-जाण्याचे भाडे स्वतःच्या खिशातून देत असू. संपूर्ण कवळीसाठी मला रुग्ण मिळेना. माप, चाव्याची नोंद, मेणातील दातांची चाचणी अशा पाच-सहा खेपा कोणी घालायला तयार नसे. शेवटी मी देवगडहून आजीला नेले. ती अकरा दिवस माझ्या भाड्याच्या खोलीत राहिली आणि रोज सकाळी खुर्चीत तोंड उघडून बसली. तिच्या खालच्या हिरडीचा उंचवटा पार झिजला होता, त्यामुळे खालची कवळी कधी नीट बसलीच नाही. ती स्टीलच्या डब्यात ठेवलेली असे आणि मी घरी येणार असले की आजी ती घालून बसे.

२००९ मध्ये मी देवगडला दवाखाना काढला. दुसऱ्याच आठवड्यात ट्रॉलरवरचा एक खलाशी खालची दाढ धरून आला. संध्याकाळी त्याची होडी सुटणार होती. फोर्सेप्स (दात काढायचा चिमटा) लावताच दाढेचा वरचा भाग तुटून हातात आला आणि दोन्ही मुळे आत राहिली. पुन्हा इंजेक्शन दिले, एलिव्हेटर (मूळ उचकटायचे हत्यार) कोठे टेकवायचा हे पुस्तकात वाचलेले आठवत राहिले, पण हाताला ते ठाऊक नव्हते. दीड तासानंतर त्याच्या तोंडात कापसाची घडी देऊन मी त्याला कणकवलीच्या सर्जनकडे पाठवले. होडी त्याला न घेताच गेली. तो रागावला नाही. जाताना एवढेच म्हणाला, "नवीन दिसतंस गो बाय." त्यानंतर मी दवाखाना बंद करून दोन वर्षे एका ओरल सर्जनच्या हाताखाली राबले आणि जे इंटर्नशिपमध्ये शिकायचे ते तेथे शिकले. औरंगाबादला गेलेल्या माझ्या मैत्रिणीला इंटर्न असताना दाढा काढण्याच्या खोलीत सकाळभर बसायला स्टूल मिळत नसे, इतकी गर्दी असे.

काकांचे म्हणणे कागदावर खरे आहे. राज्यातील शासकीय असो वा खाजगी, अभिमत विद्यापीठे सोडली तर सगळीकडे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच परीक्षा असते आणि राज्य दंत परिषदेची नोंदणीही सारखीच मिळते. परंतु आपल्या किनाऱ्यावर मशेरीने हिरड्या गेलेल्या बायका येतात, गुटख्यामुळे जेमतेम दोन बोटे तोंड उघडणारी मुले येतात (२०१२ पासून बंदी आहे, तरी येतात), आणि त्यांच्यासमोर नोंदणी क्रमांक उपयोगी पडत नाही. आत्या, मामा, काका यांच्यापैकी कोणी त्या खुर्चीसमोर उभे राहणार नाही. तुमची मुलगी राहणार आहे.

तेव्हा नागपूरला जागा मिळाली तर तिला पाठवा, हे माझे स्पष्ट मत आहे. शुल्क कमी आहे आणि रुग्ण भरपूर आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचे शासकीय किंवा मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर मिळाले, तर प्रश्नच मिटला; मांडवी एक्स्प्रेस चिपळूणहून थेट टर्मिनसला जाते. गोव्यातील बांबोळीचे महाविद्यालयही अनेकांच्या मनात असते, पण तेथे आपल्याला अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागांमधूनच प्रवेश मिळू शकतो.

आता काही गोष्टी माझ्या मताच्या विरुद्ध जाणाऱ्या. तुमच्या घराजवळच्या महाविद्यालयात मी शिकलेले नाही, त्यामुळे माझा अनुभव त्याला लावू नका. खाजगी महाविद्यालयांतून आलेले, माझ्यापेक्षा सरस हात असलेले दंतवैद्य मला माहीत आहेत. शासकीय ठिकाणी एका चेअरसाठी ताटकळावे लागते आणि वसतिगृहाची स्थितीही प्रवेशापूर्वी पाहून यावी लागते. अभिमत विद्यापीठाचे शुल्क मात्र राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाच्या कक्षेबाहेर असते आणि राज्याच्या शुल्क सवलतीही तेथे लागू होत नाहीत, एवढे लक्षात घेऊन मगच कर्जाचा विचार करा.

कोणतेही महाविद्यालय असो, सोमवारी सकाळी दहा वाजता न कळवता जा आणि ओपीडीच्या बाकावर तासभर बसा. केसपेपरच्या खिडकीसमोर रांग आहे का, ते पाहा. एखाद्या इंटर्नला बाजूला घेऊन तिने स्वतःच्या हाताने किती दाढा काढल्या आणि किती रूट कॅनल पूर्ण केली ते विचारा. आकडा सांगताना ती अडखळली, तर दुसऱ्या इंटर्नलाही विचारा. पसंतीक्रम भरताना नागपूर वर ठेवल्याने खालचे महाविद्यालय हातचे जात नाही. वरची जागा मिळाली नाही तर खालच्यांचा विचार होतोच. फक्त ती यादी भरताना मुलीला शेजारी बसवा आणि क्रम तिला ठरवू द्या. आमच्या घरी अर्ज काकांनी भरला होता आणि मी स्वयंपाकघरात होते.