दुर्बिणीचे ऑपरेशन की टाक्यांचे?

प्रश्न : दुसरे बाळंतपण (नॉर्मल) होऊन तीन आठवडे झाले. आता नसबंदी करून घ्यायची आहे. आशाताई दुर्बिणीचे ऑपरेशन सुचवतात, जाऊबाई म्हणतात टाक्यांचेच पक्के. शेतावर लवकर कशाने जाता येईल?

उत्तर : आत्ता दोन्ही नको. बाळंतपणानंतरचे पहिले सात दिवस गेले, की पुढे सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबतात. पहिल्या आठवड्यात गर्भाशय बेंबीच्या आसपास असते, बेंबीखाली छोटा छेद दिला की गर्भनळ्या हाती लागतात. आता ते खाली उतरले आहे, पण पुरते आकसलेले नाही. नळ्याही सुजलेल्या असू शकतात. अशा जाड नळीवर दुर्बिणीतून रिंग चढवताना नळी फाटून रक्तस्राव होऊ शकतो. तोवर निरोध वापरा.

सहा आठवड्यांनंतर दोन्ही पर्याय खुले आहेत. दुर्बिणीसाठी बेंबीखाली साधारण १ सेंमी छेद देतात, पोटात वायू भरतात आणि प्रत्येक नळीचा वेढा ओढून त्यावर सिलिकॉनची रिंग बसवतात. टाक्यांच्या ऑपरेशनात ओटीपोटावर ३ ते ५ सेंमी छेद घेऊन नळीचा वेढा बांधतात आणि सुमारे १ सेंमी तुकडा कापतात. छेद मोठा, शिवाय पोटाचे स्नायू ताणले जातात, म्हणून वाकताना, खोकताना जास्त दुखते. दुर्बिणीनंतर पोट कमी दुखते, पण उरलेल्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो. घाबरू नका, तो आपोआप थांबतो.

घरातले हलके काम दोन दिवसांनी चालते. भरलेला हंडा, गवताचा भारा, खुरपणी मात्र दोन्हीनंतर दोन आठवडे नको. 'बिनटाक्याचे' म्हणून चौथ्या दिवशी रानात जाणे चूकच.

जाऊबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दहा वर्षांत हजारी गर्भधारणा अशा आढळल्या : बाळंतपणानंतर लगेच नळी कापलेल्यांत ७.५, एरवी कापलेल्यांत २०.१, रिंगवाल्यांत १७.७. म्हणजे तुमच्या बाबतीत टाक्यांचा तो फायदा उरलेला नाही. अनुभवी सर्जन मिळत असेल, तर आम्ही दुर्बीण सुचवू. पूर्वी पोटाचे ऑपरेशन झाले असेल तर आधी सांगा. आतडे चिकटलेले असल्यास दुर्बिणीची नळी आत घालताना त्याला इजा होऊ शकते.

नंतर ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणे, जखमेतून पू, चक्कर यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुढे कधीही पाळी चुकली तर लघवीची तपासणी करा, कारण नसबंदीनंतर राहिलेला गर्भ नळीतच वाढण्याची शक्यता जास्त असते.