पहिलं यांत्रिक गणकयंत्र फ्रेंच गणितज्ञ पास्कलनेच बनवलं का?

नाही, तो मान जर्मनीतल्या विल्हेल्म शिकार्डचा. ट्युबिंगेन विद्यापीठात शिकवणाऱ्या शिकार्डने १६२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ केप्लरला पत्र लिहून आपल्या यंत्राबद्दल कळवलं. केप्लरसाठी बनवायला दिलेलं यंत्र मात्र अर्धवट असतानाच आगीत जळालं. आजही वाचताना हळहळ वाटते.

पास्कलने १६४२ मध्ये काम सुरू केलं, करवसुलीच्या हिशेबात बुडालेल्या वडिलांसाठी. तेव्हा त्याने विशीही ओलांडली नव्हती.

माझ्या मते त्याचं खरं मोठेपण हातच्यात आहे. ९९९९ मध्ये १ मिळवला की सगळे हातचे एकदम पुढे जायला हवेत. शिकार्डच्या रचनेत तो सगळा भार पहिल्याच चाकावर येई, त्यामुळे दाते अडकण्याची भीती. पास्कलने प्रत्येक चाकाशी एक छोटं वजन जोडलं. आकडा वाढेल तसं ते हळूहळू वर उचललं जातं आणि ९ नंतर ० येताच खाली पडून शेजारचं चाक एक घर पुढे ढकलतं. म्हणजे हातच्यासाठी लागणारा जोर आधीच साठवलेला! यामुळे चाकं उलटी फिरवता येत नसत, म्हणून वजाबाकीसुद्धा ९ च्या पूरक संख्या (प्रत्येक अंक ९ मधून वजा करून मिळणाऱ्या) वापरून बेरजेनेच करावी लागे.