घरचे लक्ष ठेवतात, मग गटात कशाला?

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातील ४१ वर्षांची गृहिणी आहे. सासूबाईंच्या आजारपणात झोप लागावी म्हणून घेऊ लागलेली दारू पुढे लपूनछपून चालूच राहिली. उपचारानंतर तीन महिने थेंबही घेतलेला नाही. डॉक्टर मदतगटात जा म्हणतात. यजमान म्हणतात, ‘बरी झालीस ना, मग दारुड्यांत कशाला बसतेस?’ मात्र तेच रोज संध्याकाळी माझ्या तोंडाचा वास घेतात. बातमी फुटली तर मुलीचे लग्न अडेल. चवथीला गणपतीसाठी मूळ घरी सगळे जमणार, त्याचीही धास्ती आहे.

उत्तर : प्रिय भगिनी,

गटात अवश्य जा, आणि चवथीच्या आधीच जा. यजमानांचा हेतू वाईट नसेल. पण ज्या घरात रोज तोंडाचा वास घेतला जातो, तिथे ‘आज फार इच्छा झाली होती’ हे वाक्य कोण उच्चारील? गटात ते उच्चारता येते. एखादी सांगते की तिची बाटली तांदळाच्या डब्यात असे, दुसरी हसून म्हणते की तिची वॉशिंग मशीनच्या मागे असे. आणि जी गोष्ट आपल्या एकटीचीच लाज आहे असे वाटत होते, ती इतरांचीही असल्याचे कळते.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अशा मदतगटांची चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिथेच १९७५ साली जीन कर्कपॅट्रिक यांनी केवळ स्त्रियांसाठी वेगळा कार्यक्रम उभारला, कारण अपराधी भावनेने आधीच खचलेल्या स्त्रीला नम्रतेच्या धड्यांपेक्षा स्वतःविषयीचा आदर परत मिळण्याची गरज अधिक असते, असे त्यांचे मत होते. मला ते पूर्णपणे पटते. आपल्याकडे पुरुष प्यायला तर ‘थोडी घेतो’, बाई प्यायली तर घराण्याची अब्रू गेली!

बातमी फुटण्याची भीती रास्त आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेत आडनाव सांगावे लागत नाही आणि फीही नसते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. तरीही धीर होत नसेल, तर तालुक्याबाहेरच्या किंवा ऑनलाइन सभेपासून सुरुवात करा. केवळ स्त्रियांचा गट जवळपास आहे का, हे डॉक्टरांना विचारा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

चवथीपूर्वी गटातील एका बाईशी ठरवून ठेवा, की मन डळमळले तर कोणत्याही वेळी तिला फोन कराल. मूळ घरी पुरुषमंडळी बाटली उघडून बसली, की तिथून उठायचे हे आधीच ठरवा. कधी पाय घसरलाच, तर लपवू नका, लगेच डॉक्टरांकडे जा; पुन्हा रोजचे पिणे सुरू झाले असेल, तर ते त्यांच्या सल्ल्याशिवाय एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते.

यजमानांसाठी अल-अनॉन हा कुटुंबीयांचा स्वतंत्र गट असतो, त्याबद्दल त्यांना सांगा. तुमच्या सभेचा वार आणि वेळ मात्र त्यांना फक्त कळवा; त्यासाठी परवानगी मागू नका.